थेंबावरची माणसं

४ फेब्रुवारी, सोमवार

नवी जागा, नवी वही. दुकानदाराने एकशे ब्याण्णव पानांची म्हणून दिली. मोजली तर दोनशे भरली. आठ पानं फुकट. सुरुवात चांगली झाली म्हणायची.

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. केंद्र वस्तीपासून थोडं दूर, चढावर आहे. दुमजली पांढरी इमारत, मागे कामाच्या माणसांसाठी सहा घरं, त्यांतलं तिसरं आमचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालायला जागा. ओटा चौऱ्याऐंशी सेंटिमीटर, म्हणजे बायकोच्या उंचीला बरोबर. खिडकीच्या बिजागरीचा एक स्क्रू सैल होता, तो सामान उतरवण्याआधीच पिळून टाकला. बायको म्हणाली, की नव्या घरात माझ्याआधी तुमचा स्क्रूड्रायव्हर शिरला, आता शेजारीपाजारी त्यालाच घरधनीण समजतील.

ती मला ‘मिलिमीटर’ म्हणते. लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण हे नाव काही सुटलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. त्यावरही तिचं ठरलेलं उत्तर आहे, की बरंच झालं, नाहीतर यांनी रोज सकाळी पोराला दाराच्या चौकटीला उभं करून खूण केली असती. तिच्या जिभेला धार आहे. पण धार असलेल्या वस्तूच मला पहिल्यापासून आवडतात.

नववीत शाळा सोडली. वजनकाटे दुरुस्त करता करता पंप शिकलो, पंपांवरून प्रयोगशाळेतली यंत्रं. पुस्तकं रद्दीवाल्याकडून आणून वाचली. आजवर जिथे गेलो तिथे लोकांनी आधी प्रमाणपत्र मागितलं आणि मग, गरज पडलीच तर, माझे हात पाहिले. इथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी उलटं केलं. मुलाखतीत एक अडकलेला पंप समोर ठेवला आणि चालू करता का विचारलं. अकरा मिनिटांत चालू केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंप चालू झाला म्हणून कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी प्रथमच पाहिलं.

इथे माणसांना चांगलं करतात. हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू आलं, पण काम तेच आहे. एक औषध आहे, रोज सकाळी नाकात सोडायचं. त्याने दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळू लागतं, खोटं बोलवत नाही, राग विरतो. सगळे त्याला नुसतं ‘थेंब’ म्हणतात. सक्ती कोणावर नाही. ज्याला हवं तो सही करून घेतो, आणि वाटेल त्या दिवशी सोडू शकतो. सहा वर्षांत कोणी सोडलेलं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी मुलाखतीतच सांगितलं, की मला नको. मी आहे तेवढा पुरेसा चांगला आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, की नक्कीच आहात.

६ फेब्रुवारी, बुधवार

कामाची कल्पना आली. तळमजल्यावर एका खोलीत भरणीयंत्र आहे. ते रोज सकाळी सहा वाजता बासष्ट कुप्या भरतं, एका कुपीत अर्धा मिलिलिटर. डॉक्टरीणबाई, सिस्टर, कोठारातले काका, स्वयंपाकीणबाई, फाटकावरचा पहारेकरी, सगळे थेंबावर आहेत. बिनथेंबाचे आम्ही दोघंच.

माणसं खरोखर चांगली आहेत. एकाही कपाटाला कुलूप नाही. कोठारवाले काका माल मोजून घेत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, की मोजायला घेतलं की आणणाऱ्याला वाटणार, याला माझा भरवसा नाही. दुपारी जेवणघराच्या दाराशी चार माणसं समोरासमोर आली. आधी तुम्ही, नाही नाही, आधी तुम्ही, असं करत चौघंही तिथेच थबकली. मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटं. शेवटी मीच मधून घुसलो, तर चौघांनी माझे आभार मानले. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती पोट धरधरून हसली. म्हणाली, या लोकांना एखाद्या लग्नाच्या पंगतीत नेऊन सोडा, शेवटची पंगत उठेपर्यंत दारातच उभे राहतील.

एक गोष्ट खटकली. यंत्राच्या नोंदवहीत रोजचा आकडा ०.५०. तीनशे दिवस एकसारखा ०.५०. कोणतंही यंत्र इतकं प्रामाणिक नसतं. कोण मोजतं म्हणून सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, मोजत कोणी नाही, यंत्रावर तसं लिहिलंय ना.

सवडीने ताडून पाहायला हवं.

११ फेब्रुवारी, सोमवार

बायकोने आज सही केली.

मी अडवलं नाही, अडवू शकलोही नसतो. तिचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं नऊ वर्षं बोलणं नाही. बहिणीचं बाळ गेलं, तेव्हा भेटायला जाऊन ही काहीतरी बोलून बसली. मुद्दाम नव्हे, तोंडातून निसटलं. ते वाक्य तिने मला कधी सांगितलं नाही. झोपेत मात्र दोनदा पुटपुटलेलं मी ऐकलंय. तिचं म्हणणं, की जीभ माझी आहे पण लगाम माझ्या हातात नाही. औषधाने मिळत असेल तर का नको? चष्मा लावतोच की आपण.

संमतीपत्र दोन पानी आहे. मी शब्दन् शब्द वाचला आणि त्यात एक खोट सापडली. दर सोमवारी नव्याने सही करायची असते. पहिली सही करणारा माणूस साधा असतो. दुसऱ्या सोमवारी सही करतो तो थेंब घेतलेला. मग ती संमती नेमकी कोणाची, माणसाची की थेंबाची? डॉक्टरीणबाईंना हे विचारलं. त्या म्हणाल्या, की सहा वर्षांत इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नाही, शिकलेल्यांनीही नाही.

मी छाती फुगवून घरी आलो. उत्तर मिळालं नाही, हे जेवायला बसल्यावर लक्षात आलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

मेहुणीशी फोनवर बोलणं झालं. ही चाळीस मिनिटं बोलली. त्यातला बहुतेक वेळ ऐकतच होती. मग दोघी रडल्या. पुढच्या महिन्यात मेहुणी राहायला येणार. तेवीस वर्षांत बायकोचा चेहरा असा निवळलेला मी पाहिला नव्हता. माझा संशय मी मागे घेतो. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकबूल करता येणार नाही.

फक्त एक. आज तिने मला मिलिमीटर म्हणायचं सोडलं. म्हणाली, इतकी वर्षं तुम्हाला लागत असेल, माझ्या लक्षातच आलं नाही. मी सांगितलं, कधीच लागलं नाही, उलट आवडतं. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, तुम्ही मोठ्या मनाचे आहात म्हणून असं म्हणता.

घर फार शांत झालंय.

२५ फेब्रुवारी, सोमवार

बारीकसारीक गोष्टी आहेत, पण टिपून ठेवतो.

ती आता माझ्यानंतर जेवते. चार दिवसांपूर्वी तिचं ताट शेजारच्या सिस्टरकडे पोचतं झालं, कारण सिस्टर थकल्यासारख्या दिसत होत्या. काल ताट पहारेकऱ्याकडे गेलं. पहारेकऱ्याने ते माळीबुवांना दिलं. माळीबुवांनी संध्याकाळी आमच्याच दारात आणून ठेवलं, झाकलेलं, न उष्टावलेलं.

ओट्यावर मुंग्यांची रांग लागली, तर चूल पेटवली नाही. रांग संपायला तीन तास पंचवीस मिनिटं लागली. ती तिथे उभी होती.

माझा सामानाचा काटा घरात आहे. आल्या दिवशी गंमत म्हणून तिला उभं केलं होतं: ६१.३. आज ५८.१. तिला सांगितलं, तर ती काळजीत पडली. स्वतःच्या नव्हे, मला काळजी वाटते याच्या काळजीत. माझ्यासमोर दोन घास खाल्ले. मग विचारलं, की मी खाल्लेलं हे कोणाच्या वाटचं तर नव्हतं ना.

सकाळी तिने तिसरी सही केली.

१ मार्च, शुक्रवार

आज वरच्या मजल्यावर गेलो. पाण्याचा नळ गळत होता. आजवर तिथे काम निघालं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं, वर काय आहे ते.

मोठी, स्वच्छ, उजेडाची खोली. मधोमध लांब टेबल आणि भोवती चौदा माणसं. अंगावर मांस म्हणून नाही. मनगटं माझ्या पान्याच्या दांड्याएवढी. जेवणाची वेळ होती. स्वयंपाकीणबाईंनी पहिल्याच्या पुढे ताट ठेवलं. त्याने ते दोन्ही हातांनी उचलून शेजारणीपुढे सरकवलं. तिने पुढच्यापुढे. ताट आवाज न करता टेबलाभोवती फिरलं आणि परत पहिल्याकडे आलं. त्याने पुन्हा सरकवलं. मी नळाचा वॉशर बदलत होतो. वेळ लागला नऊ मिनिटं. तेवढ्यात ताटाच्या चार फेऱ्या झाल्या. मग स्वयंपाकीणबाई ते भरलेलं ताट उचलून खाली घेऊन गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव होता. दुसरा शब्द मला सुचत नाही.

चौदांमध्ये एकाच्या हातांवर घट्टे होते, आणि बोटांच्या पेरांत कधी न निघणारं काळं ग्रीस. माझ्या आधीचा मेकॅनिक. मी जवळ जाऊन विचारलं, की भरणीचा पंप शेवटचा कधी ताडून पाहिला. ओठ हलायला वेळ लागला. म्हणाला, नवा पंप बसवला तेव्हा पुरवठादाराचा माणूस म्हणाला, बरोबर आहे. ताडून पाहिलं असतं तर त्याला खोटारडा ठरवल्यासारखं झालं असतं. एवढं बोलून तो रडायला लागला, कारण मला खाली वाकून ऐकावं लागलं होतं.

खाली येऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं, वरच्या खोलीतून परत कोणी खाली येतं का. त्या म्हणाल्या, नाही. मग विचारलं, किती गेले. म्हणाल्या, जुलैपासून पाच. नळीने का भरवत नाही? म्हणाल्या, विचारतो, दररोज. ते नको म्हणतात.

खोटं कोणी बोललं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

४ मार्च, सोमवार

सकाळी साडेपाचला, कुप्या भरण्याआधी, यंत्र ताडून पाहिलं. औषध वजनाला पाण्याइतकंच आहे. वीस मापं एका भांड्यात घेतली. दहा ग्रॅम भरायला हवीत. भरली १४.२. तीनदा केलं. १४.२, १४.२, १४.१.

म्हणजे अर्ध्याच्या जागी ०.७१. नवा पंप गेल्या दोन एप्रिलला बसला. अकरा महिने. वरची खोली उघडली ती जुलैत. त्याआधीच्या पाच वर्षांत एकही माणूस जेवायचा थांबला नव्हता.

माणसं वाईट नाहीत, औषधही वाईट नाही, आकडा चुकलाय! पंपाचा माप ठरवणारा स्क्रू सव्वा वेढा मागे घ्यायचा, बस. आयुष्यात इतका आनंद कधी झाला नाही. पळत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या उठून उभ्या राहिल्या, मला नमस्कार केला. म्हणाल्या, सगळ्यांचंच औषध आहे, तर सगळ्यांना विचारू.

विचारायचं काय त्यात? काटा चुकला तर काटा दुरुस्त करतात.

५ मार्च, मंगळवार

सभा झाली. मी आकडे फळ्यावर लिहिले. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. कोठारवाले काका म्हणाले, की एप्रिलच्या आधी आम्ही नुसते सभ्य होतो. आमच्या मनात काय काय चालायचं, ते आठवलं तरी आज लाज वाटते. सिस्टर म्हणाल्या, तेव्हा मला दुसऱ्याचं दुःख कळायचं, पण झोपही लागायची. एकजण म्हणाला, की कमी करणं म्हणजे जाणूनबुजून थोडं वाईट व्हायचं ठरवणं; ते कोण ठरवेल?

मी म्हणालो, हे तुम्ही बोलत नाही, तुमच्यातला जास्तीचा ०.२१ बोलतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असेलही. पण विचारायचं कोणाला? एप्रिलच्या आधीची माणसं आता आहेत कुठे?

आहे तसंच राहावं, यासाठी हात वर. त्रेसष्ट. वरच्या चौदांचे हात सिस्टरनी कोपराला आधार देऊन धरले. बायकोचाही होता.

खाली राहिलेला हात फक्त माझा. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. कोणाच्याच नजरेत राग नव्हता. माया होती. एकसारखी, त्रेसष्ट जोडी डोळ्यांत.

७ मार्च, गुरुवार

वजन ५५.०.

सकाळी पावणेसहाला स्क्रू घट्ट धरणारा लॉकनट सैल केला. सव्वा वेढा मागे. वीस मापं – ९.९८ ग्रॅम. लॉकनट आवळला. हात लावलेला कळू नये म्हणून वर लाल रंगाचा ठिपका होता तसा दिला.

कोणाला विचारलं नाही.

१० मार्च, रविवार

दुपारी मी तिच्याकडे टक लावून बघत बसलो होतो. ती एकदम म्हणाली, अहो मिलिमीटर, असं काय बघताय, मी काय दुरुस्तीला आलेय? आणि मग हसली. तिचंच हसणं, नाकातून आवाज येणारं. तिने दोनदा वाढून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन पंच्याने तोंड पुसून आलो.

बाहेरही ऐकू येत होतं. स्वयंपाकीणबाई सिस्टरवर खेकसल्या. कोठाराला कुलूप लागलं. वरच्या मजल्यावर कोणीतरी ताटातलं खाल्लं आणि ओरडलं, अजून आणा.

दुपारी चार वाजता मेहुणीचा फोन आला. मी बाहेर होतो. आत आलो तेव्हा फोन खाली लोंबत होता. ती भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, पुन्हा तसंच झालं. बाळावरूनच. निसटलं. ती येत नाही म्हणाली, कधीच येणार नाही म्हणाली. मग हिने माझ्याकडे पाहिलं. जीभ सुटली तशी बुद्धीही मोकळी झाली होती तिची. विचारलं, तुम्ही यंत्राला हात लावलात?

तिच्याशी खोटं बोलता येत नाही मला. त्याला थेंब लागत नाही.

म्हणाली, परत फिरवा. मी नाही म्हणालो. तिने चपला घातल्या आणि ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

११ मार्च, सोमवार

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कामावरून काढलं असतं, पोलीस बोलावले असते, तर मी भांडलो असतो. मला भांडता येतं.

डॉक्टरीणबाई सकाळी आल्या. खुर्ची दिली तरी उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, एवढं ओझं तुम्हाला एकट्याला वाहावं लागलं, त्याची क्षमा मागायला आलेय. मग जाता जाता, अगदी हळू, म्हणाल्या, आम्ही सहा वर्षांत विचारल्याशिवाय कोणाला एक थेंब दिला नाही. तुम्ही त्रेसष्ट जणांचं मन बदललंत. एकालाही विचारलं नाहीत.

याला उत्तर आहे. असणारच. दिवसभर शोधतोय.

त्यांच्यानंतर बाकीचे. फाटकापर्यंत रांग. एकेकजण आत आला, माझी क्षमा मागून गेला. वरचे सुद्धा, खुर्चीत बसवून आणलेले. सकाळी सात ते दुपारी एक. मेकॅनिकने तोंडातून नुसती हवा सोडली. शब्द नव्हता त्यात.

रांगेत शेवटी ही.

अडीच वाजता मीच स्क्रू पुढे फिरवला. सव्वा वेढा – सव्वा असावा. ताडून पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

१४ मार्च, गुरुवार

ती वर राहायला गेली. कोणी जा म्हटलं नाही, कोणी ये म्हटलं नाही. म्हणाली, इथे मी असले की तुम्हाला माझ्या जेवणाचा त्रास होतो.

५२.४.

जिना चढताना तीनदा थांबली. मागून कोणी येत असेल तर त्याला वाट द्यायला. मागे मीच होतो.

१५ मार्च, शुक्रवार

वर थेंबाशिवाय राहता येत नाही. साध्या माणसाच्या मनातली चिडचिड त्यांना सोसत नाही, म्हणतात. दहा मिनिटं बसलो, तर चौघांना ताप भरला.

मी हिशोबाने ठरवलंय. थेंब घ्यायचा, पण यंत्रातला नाही. माझ्या मोजनळीने, माझ्या काट्यावर, ०.५० म्हणजे ०.५०. पाच वर्षं या मापाने कोणाचं काही बिघडलं नाही. आठवडाभर तिच्याजवळ बसायचं, माझ्या हाताने भरवायचं, अंगात ताकद आली की खाली आणायचं आणि हे आवार सोडायचं. इतरांचं झालं ते न मोजता घेतल्याने. मी इतर नाही.

सही केली. चौसष्टावा.

१६ मार्च, शनिवार

पहिला थेंब. ०.५०, दोनदा तपासून.

विशेष काही नाही. पहारेकऱ्याच्या खोकल्याचा आवाज रोजचाच. आज मात्र माझी छाती दुखली.

तिला चार घास भरवले. खाल्ले तिने. मला बरं वाटावं म्हणून.

१८ मार्च, सोमवार

सहीचा दिवस. केली. त्यात काय.

मोजनळी काढून बसलो होतो. सगळे आपापली कुपी घेऊन माझ्याकडे बघत होते. कोणी काही म्हणालं नाही. मलाच वाटलं – यांनी घ्यायचं ते मला का चालू नये? वेगळं मोजून घेणं म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर सांगणं, की तुमचा भरवसा नाही.

यंत्रातलीच घेतली.

१९ मार्च, मंगळवार

ही वही पुन्हा वाचली. दाराशी थबकलेल्या चौघांना मी हसलो होतो. घड्याळ लावून. काकांविषयी, सिस्टरविषयी – आणि मेकॅनिकच्या मनगटांना पान्याचा दांडा म्हणालो. त्याला विचारून लिहायला हवं होतं. विचारायला गेलो.

खिडकीजवळची त्याची खुर्ची रिकामी होती.

२० मार्च, बुधवार

घास तिच्या ओठांशी नेला. तिने मान वळवून शेजारणीकडे बघितलं. शेजारणीने माझ्याकडे. मी घास खाली ठेवला. जबरदस्ती होईल.

वजन केलं नाही. काट्यावर उभं करणं म्हणजे –

दिसतंय मला. गळ्याच्या हाडाखाली सावली पडते आता. मी विसरलेलो नाही. कोणता स्क्रू, किती वेढे, सगळं माहीत आहे. लॉकनट बारा नंबरच्या पान्याने सुटतो. चार मिनिटांचं काम.

पण या वेळी विचारून.

२१ मार्च, गुरुवार

बावीस जणांना विचारलं. नको म्हणाले. सिस्टर नको म्हणताना रडल्या, मला वाईट वाटेल म्हणून. मग मी रडलो, त्यांना रडवलं म्हणून. सकाळ त्यात गेली.

काका म्हणाले, नको, पण तू विचारलंस, केवढं बरं वाटलं.

ती बोलत नाही. डोळ्यांनी विचारते, तुम्ही जेवलात?

नाही जेवलो. कसं जेवणार.

२२ मार्च, शुक्रवार

सगळ्यांना विचारून झालं. जिना उतरताना बसावं लागलं. डॉक्टरीणबाई शेवटी. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, हे तुम्ही तिच्यासाठी मागताय ना. मग तिलाच विचारा. ती एकदा हो म्हणाली, तर आमचा सगळ्यांचा हो. त्या क्षणी फिरवा.

सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनी स्वतः पाना आणून माझ्या हातात दिला.

एक शब्द. नुसती मान हलवली तरी –

वर आलो. झोपली होती. उद्या सकाळी.

२३ मार्च, शनिवार

दहा वाजले. डोळे मिटलेलेच. ओठ कोरडे. श्वास आहे. मध्ये मध्ये लांबतो, मग येतो.

पाना मांडीवर आहे. सगळे दाराशी उभे आहेत, वाट बघत. कोणी घाई करत नाही.

खांद्याला हात लावला तर जागी होईल. जागी झाली की विचारायचं, एवढंच. ती हो म्हणेल. म्हणेल बहुतेक. मी विचारलं तर माझ्यासाठी तरी –

हात पुढे केला होता.

इतकी शांत झोपलीय. किती दिवसांनी. उठवायचं म्हणजे तिची झोप मोडायची, आणि तीही तिला न विचारता, आणि विचारायचं तर आधी तिला उठव